रागाचा नमुना

(जाफराबादजवळचं एक खेडं. दुपारचे दोन वाजलेत. ओसरीवर रामराव, त्यांच्यासमोर हातात प्लास्टिकची छोटी नळी धरून विद्यापीठातून आलेली मोनाली. उंबऱ्याजवळ रामरावांची बायको नंदाबाई सुपात तूर निवडत बसली आहे.)

मोनाली : थुंका ना, मामा.

रामराव : असा कसा थुंकू? पावनी बाई समोर बसेल हाये अन् मी थुंकू? आमच्यात असं करत न्हाईत.

मोनाली : मी तिकडं तोंड करते.

रामराव : तोंड तिकडं केलं तरी कान इकडंच राहनार ना.

नंदाबाई : समदी भिंत रंगवून ठेवली थुंकून थुंकून, तवा लाज वाटली न्हाई. आता एवढुशा नळीत थुंकायचं तर नवरीवानी लाजून राह्यले.

रामराव : ते थुंकनं निराळं, नंदा. ते आपसूक येतं. कोनी मोजाया बसलं की येतच न्हाई.

मोनाली : फक्त या रेघेपर्यंत हवं, मामा. फेस नको, नुसती लाळ. हां, आता... थांबा. तोंडात काय आहे?

रामराव : कुठं काय.

मोनाली : मामा.

रामराव : चिमूटभर हाये.

मोनाली : अहो, आल्या आल्या सांगितलं होतं मी! अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, आणि तंबाखू तर अजिबात नाही. नमुना खराब होतो.

रामराव : खाल्ली कुठं? ठेवली नुसती.

मोनाली : टाका ती. चूळ भरा. आता घड्याळ लावते, अर्धा तास. तोपर्यंत आपण प्रश्न संपवू, काका.

रामराव : हे बघा, तुम्हाला पैलेच सांगितलं, मला काका म्हनू नका. काका तो. शहागडवाला, मपला जुळा भाऊ, काकासाहेब. मी रामराव. मला मामा म्हना. तोंडावळा एक हाये तो हाये, नाव तरी एक नगं.

मोनाली : चुकलं, मामा.

रामराव : अन् अर्धा तास तंबाखू न्हाई म्हनल्यावर मला राग येनार. मंग तो राग मपला लिव्हनार का तंबाखूचा?

मोनाली : खरं सांगू? हाच प्रश्न मी विद्यापीठातल्या आमच्या सरांना विचारला होता.

रामराव : मंग?

मोनाली : ते म्हणाले, पुढच्या घरी जा.

नंदाबाई : हिवाळे सरांची पोरगी म्हनून ह्यांनी तुम्हाला बसू तरी दिलं, ताई. सरांनी आमच्या पोराला गनित शिकवलं. दुसरं कोनी थुंकी मागाया आलं असतं तर चौकापावतर पळवलं असतं.

रामराव : पळवलं नसतं. बोललो असतो फक्त. पन मला एक सांगा, एवढ्या दूर आल्या, जीपमधी अंग मोडून घेतलं, ते थुंकीसाठी?

मोनाली : माणसाचा स्वभाव जन्मातून किती येतो आणि जगण्यातून किती, ते शोधतोय आम्ही. त्यासाठी जुळी माणसं लागतात. चाळीस जोड्या झाल्या माझ्या. पण सगळ्या एकाच घरात वाढलेल्या. तुमची जोडी एकटीच वेगळी. चेहरा एक, आणि वाढला एक जण इथं, दुसरा शहागडला आत्याकडं. अशी जोडी मिळत नाही, मामा. काकासाहेबांचं सगळं मागच्या आठवड्यात झालं. तुमचं राहिलंय.

रामराव : त्यानं थुंकलं?

मोनाली : हो.

रामराव : रेघेपावतर?

मोनाली : मामा, पहिलं वाक्य घेऊ. 'मी बोलका माणूस आहे.' अजिबात नाही म्हणजे एक, एकदम बरोबर म्हणजे पाच. किती?

रामराव : एक.

नंदाबाई : आता गं बया.

रामराव : एकच लिव्हा. मी कामापुरता बोलतो. परवाच्याला जाफराबादला गेल्तो, स्टँडवर एक मानूस भेटला भोकरदनकडचा. त्याची म्हैस हारपली व्हती. म्हशीवरून गोष्ट निघाली, ती त्याच्या मेव्हन्यावर गेली, मंग मी आमच्या पोराचं सांगितलं, बोरवेलचं सांगितलं, मपल्या गुडघ्याचं सांगितलं. दोन गाड्या निघून गेल्या त्याच्या. पन त्यात बोलला कोन? तो. त्यानंच काढली ना म्हशीची गोष्ट?

मोनाली : म्हणजे... किती लिहू?

रामराव : एक. सांगितलं की.

मोनाली : बरं. मावशी, हा निळा फॉर्म तुमचा. यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते भरायचं. पण काही न बोलता.

नंदाबाई : न बोलायची सवय हाये मला. पाचाच्या पुढं घर न्हाई का?

मोनाली : नाही, पाच शेवटचं.

नंदाबाई : मंग पाचाला दोन बार गोल करते.

मोनाली : पुढचं. 'पार्टीत मी अनोळखी लोकांमध्ये पटकन मिसळतो.'

रामराव : कोनती पार्टी?

मोनाली : कोणतीही.

रामराव : कोनतीही कशी? वीस वर्षं मी एकाच पार्टीत व्हतो. मंग सोडली. आता कोनत्याच पार्टीत न्हाई. अन् हे तुम्हाला कोनी विचारायला लावलं? नाव सांगा त्याचं.

मोनाली : ती पार्टी नाही हो! म्हणजे लोक जमतात, खातात, पितात, आरडाओरडा करतात...

रामराव : मंग तीच की.

मोनाली : सोडून देऊ हे. 'मला अमूर्त कल्पनांमध्ये रमायला आवडतं.'

रामराव : कोनासंगं?

मोनाली : अमूर्त कल्पनांमध्ये.

रामराव : नंदा, ह्या अमृता अन् कल्पना कोन?

नंदाबाई : मलाच विचारा आता. रमनार तुम्ही.

रामराव : ताई, हिवाळे सरांच्या लेकीनं असं विचारावं? मी संसारी मानूस हाये. मला एकच बायको, तिच्यासंगं बी रमायला टाइम न्हाई भेटला. इथं एकाच्या खाली घर असंल तर ते लिव्हा.

मोनाली : ही वाक्यं मूळची परदेशातली आहेत, मामा. कोणीतरी मराठी केलंय. मी सरांना म्हटलं होतं, आमच्याकडं ही चालणार नाहीत. ते म्हणाले, वाक्यं बदलली तर जगाशी तुलना कशी करायची?

रामराव : जगानं बदलावं की थोडं.

मोनाली : 'मी वस्तू जागच्या जागी ठेवतो.'

रामराव : पाच.

नंदाबाई : कोन ठेवतं?

रामराव : घरात समदं जागच्या जागी असतं का न्हाई?

नंदाबाई : असतं. मी ठेवते म्हनून असतं.

रामराव : असतं ना? बास. पाच. ताई, काकासाहेबानं इथं किती सांगितले?

मोनाली : ते मी सांगू शकत नाही.

रामराव : तोंडानं नका सांगू. मी आकडा बोलतो, बराबर असला की नुसती पापनी मिटा. तीन?... चार?

मोनाली : मी डोळे उघडेच ठेवणार आहे.

रामराव : पानी येऊन राह्यलं तुमच्या डोळ्यात. म्हंजे त्यानं एक लिव्हला, बिचारा.

मोनाली : डोळे न मिटल्यामुळं येतंय! पुढचं. 'मी दुसऱ्याच्या मदतीला धावून जातो.'

रामराव : इथं तो पाच लिव्हनार. न्हाई, थांबा. तो लई साळसूद हाये. आपन मोठेपना करतो असं वाटू नये म्हनून चार लिव्हनार. मंग मपले पाच लिव्हा. थांबा थांबा. तो बी वळखून असंल की मी पाच लिव्हनार. मंग तो बी पाचच लिव्हनार. मपले चार लिव्हा. मीच साळसूद.

मोनाली : मामा, स्वतःबद्दल सांगायचंय!

रामराव : सोताबद्दलच सांगून राह्यलो. त्याच्यापेक्षा मी किती, ते.

मोनाली : सगळ्या जुळ्यांचं हेच. एकाला आरशासमोर उभं करावं तर तो दुसऱ्याकडंच बघतो. बरं, हे सोपं आहे. 'मला पटकन राग येतो.'

रामराव : पाच.

मोनाली : याच्यावर विचार नाही केला?

रामराव : ह्याच्यात विचार कशाचा? दहा गावाला ठावं हाये. मागल्या महिन्यात गाडीत कंडक्टर म्हनला, पुढं सरका. मी सरकलो. परत म्हनला, सरका. सरकलो. तिसऱ्या बारीला म्हनला, तवा मी म्हनलं, आता पुढं डायवर हाये, त्याच्या मांडीवर बसू का? उतरलो खाली. नऊ किलोमीटर चालत आलो घरी.

नंदाबाई : अन् भाजीची पिशवी गाडीतच.

रामराव : दुसऱ्या दिवशी त्या कंडक्टरनंच आनून दिली पिशवी. त्याचा बी राग आला मला. पन ताई, यात मपली चूक न्हाई. हे जल्मजात हाये. रक्तातच. नंदा लग्न होऊन आली, तिसऱ्या दिवशी आईनं तिला समदं समजून सांगितलं. सांग गं.

नंदाबाई : म्हनल्या, हा जल्मापासूनच असा हाये. ह्याला उलटून बोलू नको. अडतीस वर्षं झाले.

रामराव : बघा. गवाही हाये. तुमच्या थुंकीत तो रागाचा जीन का काय तो निघंल, लालभडक. तेवढा कागद मला द्या, मी चौकट करून भिंतीवर लावतो. म्हंजे कोनी मला बोलनार न्हाई.

मोनाली : मामा, रागाचा असा एक जीन नसतोच. हजारो असतात. एकेकाचा वाटा तिळाएवढा, आणि तो तीळसुद्धा लाखो माणसं तपासली तर कुठं दिसतो. एका माणसाची थुंकी बघून हा रागीट, हा गरीब असं मला काय, कोणालाच सांगता येत नाही.

रामराव : मंग मपल्यात ते हजारच्या हजार एका जागी जमले असतील.

नंदाबाई : पार्टीत.

मोनाली : मावशी, तुम्ही फॉर्म भरा हो.

नंदाबाई : भरून राह्यले. ताई, एक विचारू का? शहागडचे भाऊजी अन् हे, वरून एकसारके हायेत. भाऊजी मागून आले तर मी बी फसते. आतून बी एकच का?

मोनाली : एकसारखे जुळे असतील तर जन्मतानाचे जीन दोघांचे जवळजवळ तेच. नमुना तपासला की पक्कं कळेल.

नंदाबाई : म्हंजे ह्यांच्या रक्तात जे, ते भाऊजींच्या बी रक्तात.

मोनाली : हो, तसंच.

नंदाबाई : अन् भाऊजींनी जल्मात कोनाला 'अरे' म्हनलेलं न्हाई. शहागडला लोक भांडनं मिटवाया त्यांच्या ओट्यावर येतात.

रामराव : नंदा, तू तूर निवड.

नंदाबाई : मंग मी अडतीस वर्षं गप कशापाई बसले?

मोनाली : मावशी, तसं सरळ म्हणता येत नाही—

नंदाबाई : तुम्ही थांबा, बाई. मी ह्यांना विचारून राह्यले. रक्तात हाये म्हनून मी बोलले न्हाई. माझ्या भावाच्या लग्नातून जेवनावरून उठून आले, तरी बोलले न्हाई. टीवीवर तुरीचा दांडका फेकला, तरी बोलले न्हाई. म्हनलं, मानसाच्या हातात न्हाई. अन् ही ताई म्हनून राह्यली, तेच रक्त शहागडला बसून लोकांची भांडनं मिटवून राह्यलं!

रामराव : पक्कं न्हाई म्हनल्या त्या! थुंकी तपासल्यावर पक्कं. ऐकायला येत न्हाई का?

नंदाबाई : मंग थुंका.

रामराव : न्हाई थुंकत.

मोनाली : मामा!

रामराव : न्हाई म्हंजे न्हाई. बिलकुल न्हाई. अन् समजा असलं तेच रक्त, तर तिकडं गोदावरी हाये. समदा ऊस. साठ वर्षं रस पिऊन पिऊन गोड झाला तो, त्यात त्याचं काय कौतिक? इकडं आमच्या नशिबी कापूस. कापूस कसा पेटतो, ते म्या सांगायला पायजे का?

मोनाली : अगदी हेच तर शोधायचंय आम्हाला! ऊस किती आणि रक्त किती. फक्त त्यासाठी तुमचा नमुना पाहिजे.

रामराव : मपल्या एकट्याच्या नमुन्यानं कळंल?

मोनाली : नाही.

रामराव : आमच्या दोघांच्या?

मोनाली : नाही, मामा. खोटं कशाला सांगू? एका जोडीवरून काहीच सिद्ध होत नाही. माझ्या एकेचाळीस जोड्यांवरून पण फार काही होणार नाही. असं पुष्कळ लोकांनी पुष्कळ वर्षं करावं लागतं. तरी मी ही जोडी शोधायला आठ महिने फिरले. अंबडच्या एका सोयऱ्यानं तुमचं सांगितलं, तेव्हा मी त्याच्या पाया पडले.

नंदाबाई : एवढी शिकलेली पोरगी काहीच कळनार न्हाई म्हनून सांगून राह्यली, तरी फिरून राह्यली. अन् तुम्ही चार थेंब देईनात.

रामराव : मला कशाला पायजे थुंकी तपासनं? माझं मला ठावं हाये. मी जल्मताच असा. आत्या न्यायला आल्ती तवा आम्ही वर्षाचे बी नव्हतो. आत्याला मूलबाळ न्हाई, म्हनून बापानं कबूल केलं, दोघातला एक घेऊन जा. दोघं गोधडीवर पडेल. मी जो गळा काढला, तो थांबतच न्हाई. तो आपला गप, वर बघत पडला. आत्या म्हनली, हा गरीब मला द्या, रडका तुमच्याकडंच राहू द्या. आईनं मला हजार बार सांगितलंय. म्हनायची, तू रडला म्हनून राह्यला. आता ते वर्षाचं लेकरू कोनाचं बघून शिकलं रडायला? ऊस बी नव्हता अन् कापूस बी नव्हता. हे कुठं लिव्हता तुम्ही? ... ताई?

नंदाबाई : तुमचा पेन पडला, ताई.

मोनाली : हं? हो. पुढचं वाक्य घेऊ. 'मी...' कुठं होतो आपण?

नंदाबाई : काय झालं? तोंड का उतरलं तुमचं?

मोनाली : काही नाही.

रामराव : लहानपनीचं त्याला बी विचारलं का तुम्ही?

मोनाली : सगळ्यांना विचारतो.

रामराव : मंग काय सांगितलं त्यानं?

मोनाली : मला नाही सांगता येत, मामा. शब्द दिलाय त्यांना. तुम्हाला पण दिलाय. तुम्ही आज जे बोललात, ते मी शहागडला जाऊन सांगितलं तर चालेल का?

रामराव : कंडक्टरचं नका सांगू.

नंदाबाई : तुम्ही नका सांगू, ताई. पन ह्यांच्याकडं फोन हाये. भाऊजीकडं फोन हाये.

मोनाली : दोघांचं पूर्ण होईपर्यंत आपसात बोलायचं नाही, असा नियम आहे आमचा.

रामराव : आम्ही एरवी तरी कुठं बोलतो? लग्नात भेटलो, मयतीत भेटलो. पाऊस झाला का, झाला. कपाशी कशी हाये, बरी हाये. झालं. साठ वर्षं आम्ही तुमचा नियम पाळून राह्यलो. आज मोडतो. नंदा, लावून दे.

नंदाबाई : लावला. घ्या.

मोनाली : मामा, नका ना... अहो...

रामराव : हॅलो. मी रामराव... जाफराबादचा रामराव, दुसरा कोन?... न्हाई न्हाई, कोनी गेलं न्हाई. समदे बरे हायेत... न्हाई, लग्न बी न्हाई कोनाचं... असाच लावला... अरे, असाच म्हंजे असाच! मानूस भावाला फोन लावत न्हाई का?

नंदाबाई : हळू बोला.

रामराव : ऐक. एक विचारतो. आत्या तुला घेऊन गेली, तवा रडलं कोन?... तू? तू कसा काय? तू तर गप व्हता... कोन म्हनलं?... आत्या म्हनली?... परत सांग... हं... हं...

नंदाबाई : काय म्हनतात?

रामराव : थांब गं... हं... न्हाई रे. न्हाई. आई असं कधी म्हनली न्हाई... आईच्यान, कधीच न्हाई. मला तर उलटंच सांगितलं. मी रडलो म्हनून राह्यलो... खरंच सांगून राह्यलो, बाबा... तू रडून राह्यला का आता?... न्हाई, मी न्हाई. अर्धा तास झाला, तंबाखू न्हाई तोंडात, म्हनून आवाज असा येऊन राह्यला... हां... बरं. ठेव. ठेव तू... तू ठेव आधी... बरं, मी ठेवतो.

मोनाली : पाणी देऊ, मामा?

रामराव : तुम्हाला ठावं व्हतं.

मोनाली : मला ठाऊक होतं. आणि मला बोलता येत नव्हतं.

नंदाबाई : मला न्हाई ठावं. मला सांगा कोनीतरी.

रामराव : आत्यानं त्याला सांगितलं, तू रडका व्हता. तुझ्या आईला तुझं रडनं सोसंना. दोघातला जो रडका, तो तिनं देऊन टाकला.

नंदाबाई : अगं माय.

रामराव : म्हनतो, म्हनून मी कधी आवाज चढवला न्हाई. बारका व्हतो तवापासून. म्हनतो, भ्या वाटायचं. इथं बी ओरडलो, तर हे बी देऊन टाकतील कोनाला तरी.

नंदाबाई : अन् तुम्हाला रडून घर भेटलं.

मोनाली : मावशी, तसं पण सरळ...

नंदाबाई : म्हनता येत न्हाई. ठावं हाये आता.

रामराव : मंग खरं रडलं कोन?

मोनाली : आता सांगणारं कोणी राहिलं नाही, मामा.

नंदाबाई : त्यात सांगायचं काय? दोन तान्ही लेकरं. एकाला उचलून नेलं. दोघं बी रडले असतील. अन् त्यांची माय बी. मोठ्या मानसांनी मंग आपापल्या सोयीनं सांगितलं.

रामराव : ताई, मी नियम मोडला. मपला फॉर्म बाद का आता?

मोनाली : बाद नाही करणार मी. पण टीप लिहावी लागेल, अभ्यास चालू असताना दोघं भाऊ एकमेकांशी बोलले. सर ओरडणार माझ्यावर.

रामराव : ओरडू द्या. त्यांच्या आईनं बी काहीतरी सांगितलं असंल त्यांना.

मोनाली : हे लिहून घेऊ का?

रामराव : लिव्हा. अन् आना ती नळी इकडं. अर्धा तास कवाच झाला. तिकडं बघा दोघी... न्हाई, नंदा, तू बी तिकडं बघ.

नंदाबाई : अडतीस वर्षं बघून राह्यले, आता काय निराळं दिसनार हाये?

रामराव : ...झाली का रेघ?

मोनाली : जराशी कमी आहे. अजून थोडं. हां. बास, बास, मामा! रेघेच्या वर गेली!

रामराव : त्याच्यापेक्षा जास्ती हाये ना?

मोनाली : मामा.

रामराव : बरं, न्हाई विचारत. पन एक सांगा. समजा थुंकी तपासली अन् आम्ही निराळे निघालो, वरून एक अन् आतून दोन, तर मला कळवाल का?

मोनाली : तुम्ही म्हणाल तसं. कळवू?

रामराव : नका कळवू. त्याला बी नका कळवू.

नंदाबाई : जीपचा हार्न वाजून राह्यला, ताई. ही शेवटचीच हाये. अन् हा घ्या निळा फॉर्म. एक पाच केल्ता, तो खोडून चार केलाय. खाडाखोड चालती ना?

मोनाली : चालते, मावशी. कोणता केला?

नंदाबाई : तो आता न्हाई सांगत. पळा. हिवाळे सरांना आमचा नमस्कार सांगा.

मोनाली : सांगते. जय भीम, मावशी. येते, मामा. मामा?

नंदाबाई : त्यांचा फोन वाजला. भाऊजीच असतील. जा तुम्ही, ते न्हाई ऐकत आता.

रामराव : हॅलो... हां, बोल... मोकळाच हाये, बोल की... आईचं? आईचं काय सांगू तुला... न्हाई, उंच नव्हती. आपल्या खांद्याला लागली असती... हसायची की. लई हसायची... तुझी आठवन काढायची का? आता कसं सांगू... हे बघ, तुला दिवाळीला शर्ट यायचा का? चौकडीचा?... न्हाई रे, आत्या न्हाई घ्यायची तो. इथून यायचा. आई मला घेऊन जायची जाफराबादला, शिंप्याकडं. एकच कापड, दोन शर्ट. तू व्हता तिकडं, मंग माप कोनाचं घेनार? मपलंच घ्यायची. अन् मी असा चुळबुळ्या, उभाच राहीना, तर दंडाला धरून म्हनायची, हालू नको, दोघाचं माप हाये.